सहा डब्या दूध

चहाचा पहिला घोट तोंडात गेला आणि आम्रपालीला वाटलं, साखर जास्त पडलीय. दुसरा घोट तिनं गिळला नाही, तसाच तोंडात धरून ठेवला. साखर नव्हती ती. ती गोडी पातळ होती, जिभेवर पसरून लगेच विरणारी, आणि तिच्यामागं साबणाला असतो तसा एक पुसट वास होता. गेले तेवीस दिवस हा वास तिच्या ब्लाउजला, बोटांना, उशीच्या अभ्र्याला येत होता. समोर सतरंजीवर पंधरा-सोळा माणसं बसली होती. आण्णांना जाऊन आज तिसरा दिवस. भेटायला येणारी माणसं थोडा वेळ गप्प बसायची, मग आण्णा किती साधे होते ते सांगायची, मग चहा घ्यायची. आत्ता सगळ्यांच्या हातात कप होते. रहिमतपूरहून आलेले दोन म्हातारे बशीत ओतून, फुंकर घालून पीत होते. तिचा थोरला भाऊ आप्पासो भिंतीला टेकून, डोळे मिटून पीत होता. शेजारचे विष्णुपंत दाराजवळच्या खुर्चीत बसून पीत होते. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. तिनं तोंडातला घोट गिळला, कारण एवढ्या माणसांत थुंकणार कुठं. आणि गिळताना तिला कळलं की आपण आपल्या मुलीच्या वाट्याचं दूध पितो आहोत.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. लक्ष्मीआत्या, आण्णांची धाकटी बहीण, मोरीपाशी बसून पातेलं घासत होती. ओट्यावर पाच प्लास्टिकच्या डब्या स्वच्छ धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. त्यांची लाल झाकणं शेजारी एका ओळीत मांडलेली होती.

"आत्या, चहात दूध कुठलं घातलं?"

"तुजंच की. सकाळचं दूध सपलं. इतकी मान्सं. मी शेजारी गेले तर बाई न्हवत्या घरात. त्या विष्णुपंतांनी फ्रीज उघडून दिलं, म्हनले आम्रपालीनं आनून ठेवलंय. निस्तं बरफ झाल्तं. पातळ वाटलं गं, पर म्हटलं शेरातलं दूध असंच असतंय."

"पाचच घातल्या ना?"

"पाचच. का गं?"

आम्रपालीचा हात नकळत छातीवर गेला होता. आत्यानं त्या हाताकडं बघितलं, मग ओट्यावरच्या डब्यांकडं, मग पुन्हा हाताकडं. आत्यानं स्वतः सहा लेकरं पाजली होती. तिला दुसरं काही सांगावं लागलं नाही. तिच्या हातातलं पातेलं मोरीत पडून गरगरलं. "आगं बया," ती म्हणाली, आणि राखेनं भरलेल्या हातांनी तिनं स्वतःच्या दोन्ही गालांवर फडाफडा मारून घेतलं. "मला सांगायचं न्हाई व्हय गं? बाहीरच्या बाईला सांगितलंस आन् घरच्या मान्साला सांगायचं न्हाई?"

हे खरं होतं. तिनं फक्त विष्णुपंतांच्या बायकोला, चारुशीलाबाईंना सांगितलं होतं, कारण फ्रीज त्यांचा होता. घरात कुणाला सांगायचं म्हणजे लाजेची गोष्ट नव्हती खरं तर. पण आण्णा पलीकडच्या खोलीत श्वास ओढत होते आणि बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, अशा वेळी मी मागच्या खोलीत साडीचा आडोसा करून काचेच्या पंपानं दूध काढते, ते डब्यांत भरते, गोठवते, विमानातून नेणार आहे, हे कुठल्या तोंडानं आणि कुठल्या क्रमानं सांगायचं ते तिला सुचलं नव्हतं. मुलगी मस्कतच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. दहा आठवडे आधी जन्मलेली, जन्मताना अकराशे पन्नास ग्रॅम. आम्रपाली त्याच दवाखान्यात नर्स होती, दुसऱ्यांची अशी मुलं तिनं हाताळली होती, त्यामुळं आपल्या मुलीला पहिल्यांदा बघताना तिला इतर आयांसारखं काहीच वाटलं नाही, फक्त आकडे दिसले. चौथ्या दिवशी पावडरीचं दूध देऊन बघितलं तर पोट फुगलं, शीमधून रक्त आलं. तेव्हापासून नाकातल्या नळीतून फक्त तिचं दूध. दुसऱ्या बाईचं दूध तिथं सहज मिळत नाही. तिथल्या मुस्लिम रिवाजात ज्या बाईचं दूध प्यालं तिची मुलं भावंडं होतात, पुढं लग्नं अडतात, म्हणून घर-नाव विचारून, नोंदून मगच. आण्णांच्या आजाराचा फोन आला तेव्हा साठलेलं आठवडाभराचं दूध तिथं ठेवून ती निघाली. इथं रोज काढून अकरा डब्या झाल्या होत्या. आता सहा.

थोड्या वेळानं चारुशीलाबाईंचा आवाज कुंपणापलीकडून ऐकू आला, आणि मग विष्णुपंत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. वीस वर्षांच्या शेजारात ते इथवर पहिल्यांदाच आले असतील. "ही मला म्हणाली होती, वरच्या कप्प्यात आम्रपालीचं दूध आहे," ते म्हणाले. "मला वाटलं, विकत आणून ठेवलंय." त्यांनी खाली बघत हात जोडले. "मीही घेतला चहा." सत्तर वर्षांचा माणूस आपल्यापुढं हात जोडून उभा आहे हे तिला बघवेना. रागवायला कुणीतरी असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. आत्या नाही, विष्णुपंत नाहीत. राग आतल्या आत फिरून परत तिच्याच अंगावर येत होता. गेले दोन दिवस दूध आटत चाललं होतं, हे तर तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आण्णा होते तोवर एका वेळेला एक डबी भरायची. ते गेले त्या सकाळी अर्धी. काल रात्री बोटभर. आज पहाटे पंप लावून ती वीस मिनिटं बसली आणि काचेच्या गोळ्यात नुसतं ओलं झालं. म्हणजे ओट्यावर पालथ्या पडलेल्या त्या डब्या पुन्हा भरता येणाऱ्या नव्हत्या.

कोपऱ्यावरच्या बूथवरून तिनं मस्कतला फोन लावला. वॉर्डातल्या सिस्टरनं तिच्या नवऱ्याला, कुणालला बोलावलं. तो सुट्टी घेऊन तिथंच बसलेला असायचा.

"आम्री, वजन वाढलं," त्यानं आधी हेच सांगितलं. त्याचा आवाज इतका हलका तिनं महिनाभरात ऐकला नव्हता. "तेराशे झाली. डॉक्टरांनी दूध वाढवलं, दीडपट." मग घाईनं म्हणाला, "पण त्यामुळं साठा लवकर संपतोय. आज रात्रीपर्यंत जेमतेम. तू उद्या येतेस ना?"

"येते."

"अकरा डब्या आहेत म्हणाली होतीस."

"सहा आहेत."

"सहा?"

"सहा," ती म्हणाली, आणि पुढं काही विचारू नये म्हणून तिनं फोन ठेवला. काचेच्या त्या खोक्यात ती तशीच उभी राहिली. पोरगी वाढते आहे म्हणून दूध संपतं आहे. जिवंत असल्याची ही खूण, आणि हीच तिला मारायला उठली आहे. बाहेर एक माणूस नाणं वाजवून काचेवर टकटक करत होता.

तिकीट उद्या सकाळचंच होतं. ते पुढं ढकलायचं की नाही हे फोन करेपर्यंत तिनं ठरवलं नव्हतं. आप्पासोनं मात्र ठरवून टाकलं होतं. शनिवारी आण्णांच्या मागचा जलदान विधी. विहारातल्या भन्तेंना सांगून झालं होतं, रहिमतपूरच्या सगळ्या भावकीला निरोप गेले होते. ती घरी येऊन म्हणाली, "दादा, मी आज निघते," तेव्हा तो अंगणात पांढऱ्या कापडाची घडी करत होता.

"शनवारी जलदान हाय."

"माहीत आहे."

"मग? लोकास्नी काय सांगू? बापाची लेक विमानानं आली, तोंड बगितलं आन् तिसऱ्या दिवशी गेली?" तो ओरडला नाही. आप्पासो कधीच ओरडायचा नाही, त्याचा आवाज उलट खाली जायचा. "तितं डाक्टर हायती, नर्सा हायती, कुणाल हाय. हितं आण्णांना तू एकलीच लेक हायस. ह्या मान्सानं तुला शिकवलं. मला कारखान्यात लावलं आन् तुला शिकवलं. मी कवा काय बोललो?"

तो कधीच काही बोलला नव्हता. आण्णा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते; लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे गल्लोगल्ली पाणी सोडायचे. तिला मिरजेला नर्सिंगला घातलं तेव्हा भावकीतल्या कुणी कुणी नावं ठेवली होती. पाणी सोडून झालं की सायकलवरून दर रविवारी ते होस्टेलच्या फाटकात येऊन उभे राहायचे, आत यायचे नाहीत, डबा द्यायचे आणि जायचे. तिला हे सगळं आठवत होतं आणि त्याच वेळी डोक्यात मिलिलिटर चालू होते. सहा डब्या, दोनशे चाळीस. एक दिवस. ताणलं तर दीड. बापाच्या मरणात माणूस असा हिशेब करू शकतो याची तिला किळस आली, पण हिशेब थांबला नाही.

"दादा, एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "रविवारी मी आले तेव्हा तू औषध आणायला गेला होतास. आण्णा शुद्धीत होते. माझ्याकडं बघितलं त्यांनी. म्हणाले, आलीस? मी म्हटलं, आले. म्हणाले, पोरगी कुठाय? मी म्हटलं, दवाखान्यात आहे, पेटीत." ती त्या पांढऱ्या कापडाकडं बघत होती. "तर म्हणाले, मग तू हितं काय करतीस?"

आप्पासोच्या हातातली घडी थांबली.

"त्यानंतर ते बोललेच नाहीत," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणाशीच. हेच शेवटचं. मी सांगितलं नाही कुणाला. कसं सांगू?"

त्यानं ते कापड खाटेवर ठेवलं, चपला घातल्या आणि लुना काढून निघून गेला. तिला वाटलं, रागानं गेला. ती आत जाऊन बॅग भरू लागली. पाऊण तासानं तो परत आला तेव्हा लुनाच्या पुढ्यात पोत्यात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी होती आणि त्याच्या शर्टाला, भुवयांना लाकडाचा भुसा चिकटला होता. मोगरीनं त्यानं स्वतः बर्फ फोडला. आण्णांच्या पितळी डेचक्यात खाली भुसा, मग बर्फ, मध्ये डब्यांचा स्टीलचा डबा, वर पुन्हा बर्फ, पुन्हा भुसा, असं भरून त्यानं तोंड पोत्यानं करकचून बांधलं. "आकारामची ट्रॅक्स येतीया," तो म्हणाला. "थेट विमानतळावर सोडील तुला. मी येत न्हाई. हितं कुनीतरी पायजे." ती निघाली तेव्हा आत्या फाटकापर्यंत आली. तिचे गाल अजून राखेनं माखलेले होते. तिनं ते पुसलेच नव्हते.

गाडीत आम्रपालीनं डेचकं दोन पायांच्या मध्ये घट्ट धरलं. आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं. बाहेर दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच तोडलेली रानं, उसाच्या गाड्यांमागं अडकलेली वाहनं. आकाराम, आप्पासोचा मित्र, बोलणारा माणूस नव्हता. कराडच्या अलीकडं पोत्यातून थेंब पडायला लागले. पहिला थेंब तिच्या पावलावर पडला तेव्हा तिला तो चटका बसल्यासारखा वाटला. मग ती मोजू लागली. दोन थेंबांमध्ये आधी वीस आकडे यायचे, मग पंधरा, मग अकरा. उघडून बघावं तर गार हवा बाहेर जाते. न बघावं तर आत काय झालं असेल ते डोळ्यांपुढं येतं: डब्यांच्या कडा सैल होतात, मधला पांढरा गोळा झाकणाखाली गोल फिरू लागतो. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवता येत नाही. हे वाक्य ती नव्या आयांना शिकवत असे. किती सहज शिकवत असे! छाती दगडासारखी जड असायला हवी होती, ती मऊ होती. तिनं पिशवीतून पंप काढला आणि शाल ओढून घेतली.

"ताई, आरसा वर केलाय," आकाराम समोर बघतच म्हणाला. "तुमी निवांत बसा."

उंब्रज ते नागठाणे ती दाबत राहिली. आण्णा गेले त्या पहाटे ती त्यांच्या उशाशी होती. शेवटचा श्वास गेला, आत्यानं हंबरडा फोडला, आणि त्या आवाजाबरोबर तिच्या दोन्ही स्तनांतून दूध आपोआप सुटलं, ब्लाउज भिजला, पदर भिजला. शरीराला काय कळलं होतं? कुणीतरी रडतंय एवढंच. तिला त्याची लाज वाटली होती. ती हात आडवे दाबून बसून राहिली होती, थांब, थांब म्हणत. आणि ते थांबलं. इतकं मुकाट्यानं थांबलं की आता काही केल्या येईना. आपणच त्याला थांब म्हटलं, असं तिला त्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा वाटत होतं, आणि नर्स असून या वेडेपणातून तिला बाहेर येता येत नव्हतं. काचेच्या गोळ्यात चमचाभर जमलं. तेवढ्यासाठी डेचक्याचं तोंड सोडता येईना; तिनं ते तसंच पंपात राहू दिलं.

साताऱ्याला सईचं क्वार्टर होतं. सई मिरजेला तिची रूम पार्टनर होती. आता जिल्ह्याच्या लसीकरणात काम करत होती. सांगलीहून तिला फोन केला होता, त्यामुळं ती फाटकातच उभी होती. परवा पोलिओचा डोस होता. तिच्या व्हरांड्यात लशीचे निळे डबे एकावर एक रचून ठेवले होते, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. तिनं काही न विचारता पोतं सोडलं, ओला भुसा बाजूला सारला, आणि दोघी खाली वाकल्या. डब्यांच्या कडांना पाणी सुटलं होतं. मध्ये घट्ट होतं. सईनं एकेक डबी कानाशी धरून हलवली. "गोळा आहे," ती प्रत्येक वेळी म्हणाली. सहा वेळा म्हणाली. मग एका निळ्या डब्यात चारी बाजूंनी दगडासारखे गोठलेले बर्फाचे पॅक लावून तिनं मध्ये सहा डब्या बसवल्या आणि झाकण दाबून पट्टा ओढला.

"हे उद्या संध्याकाळपर्यंत टिकेल. उघडू नकोस. कुणी काही म्हटलं तरी उघडू नकोस."

"परवा तुला डबा कमी पडेल."

"पडू दे. मी बघते." सईनं तिच्या हातातला पंप बघितला, काचेला चिकटलेला ओलावा बघितला. "किती येतंय?"

"नाहीच."

"मुलीजवळ गेलीस की येईल."

"आलं नाही तर?"

सईनं खोटं उत्तर दिलं नाही. तिनं दोन भाकरी आणि पिठलं समोर ठेवलं आणि ती खाईपर्यंत समोरून हलली नाही.

विमानतळावरच्या बाकड्यांवर रात्र गेली. सकाळी तपासणीच्या रांगेत तिनं निळा डबा टेबलावर ठेवला तेव्हा अधिकाऱ्यानं त्यावरचा नंबर वाचला. "सरकारी डबा दिसतोय. लस नेताय? कागद कुठंयत?"

"लस नाही. दूध आहे. माझं, माझ्या बाळासाठी."

"बाळ कुठंय?"

"मस्कतला. दवाखान्यात."

"तुम्ही इथं आणि बाळ तिथं?" त्यात कुत्सितपणा नव्हता, त्याला खरंच समजत नव्हतं. त्यानं पट्टा सोडला. झाकण उघडलं आणि टेबलाच्या कडेला ठेवलं. पांढरी वाफ वर आली. तो एक डबी उचलून उजेडाकडं धरून बघू लागला. तिच्या मागं रांग होती, लोक पुढं ढकलत होते, झाकण अजून उघडंच. "साहेब, झाकण लावा," ती म्हणाली. "बघा, पण झाकण लावून बघा."

"हे दूध आहे कशावरून? उघडा, थोडं पिऊन दाखवा."

"उघडलं की ते वाया जातं. महिन्याची पण नाही ती. जंतू गेला तर मरेल." तिचा आवाज चढला होता. ती स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकत होती. "माझं दूध आटलंय. एवढंच आहे. दुसरं नाही."

त्यानं बाजूच्या महिला कॉन्स्टेबलला हाक मारली. बाईंना आत न्या, बघा. खरोखर ओल्या बाळंतीण आहेत का. कॉन्स्टेबलनं आधी झाकण उचलून डब्यावर बसवलं, मग तिला पडद्याआड नेलं. पडद्याआड एक स्टूल होतं. आम्रपालीनं ब्लाउज सोडला. बोटांनी दाबलं, वरून खाली, कडेकडून, जशी ती शेकडो बायकांना दाखवत आली होती. काही नाही. दुसरीकडं. काही नाही. कातडी लाल झाली, चिरा पडलेल्या टोकाशी रक्ताचा ठिपका आला, दूध आलं नाही. परक्या बाईसमोर उघडी बसून ती स्वतःला पिळत होती आणि शरीर एक थेंब साक्ष द्यायला तयार नव्हतं.

"कुठल्या तुमी?" कॉन्स्टेबलनं विचारलं.

"सांगली."

"मी आटपाडीची." तिनं पडद्याची फट ओढून घेतली. "ऱ्हाऊ द्या ताई. झाका आता." तिनं खिशातला रुमाल काढून रक्ताचा ठिपका टिपला, रुमाल घडी करून परत खिशात ठेवला, आणि पडदा सारून बाहेर जाऊन मोठ्यानं म्हणाली, "आईचंच दूध हाय, सायेब. आलं. मी बगितलं."

विमानात हवाई सुंदरीनं डबा मागं थंड कपाटात ठेवते म्हटलं. आम्रपालीनं नको म्हटलं, आणि तीन तास तो मांडीवर धरून बसली. किती वेळ झाकण उघडं होतं? दोन मिनिटं? चार? तिचं मन त्या टेबलाशी परत परत जात होतं. मग एका विचारानं ती थोडी शांत झाली, किंवा शांत नाही, बधिर झाली. आत्यानं घेतल्या त्या कप्प्यातल्या पुढच्या डब्या, म्हणजे नंतर भरलेल्या. उरल्या त्या मागच्या. रविवार-सोमवारच्या. आण्णा पलीकडच्या खोलीत श्वास घेत होते तेव्हाच्या. खाली समुद्र होता, तो कुठं संपतो ते दिसत नव्हतं. झाकणावर हात ठेवला की गार लागत होतं. पण प्लास्टिक नेहमीच गार लागतं.

कुणाल बाहेर उभा होता. त्यानं डबा घ्यायला हात पुढं केला नाही. गाडीत बसल्यावर, किल्ली न फिरवता, तो म्हणाला, "काल रात्री साठा संपला. सलाईनवर ठेवू म्हणाले. पण ती तोंड हलवत होती, आम्री. सारखी तोंड हलवत होती. पावडरीचं थोडं देऊन बघू का, असं त्यांनी विचारलं. मी सही केली."

"किती दिलं?"

"दोन वेळा. पहाटे पोट फुगलं. आता सगळं बंद केलंय."

तिनं त्याच्याकडं बघितलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. ती असती तर तिनं सही केली नसती. ती असती तर. "मी असते तरी तेच केलं असतं," ती म्हणाली, आणि तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडू लागला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरा हात डब्यावर होता.

वॉर्डात तिनं कोपरापर्यंत हात धुतले. पेटीतली मुलगी पाच दिवसांपूर्वीपेक्षा मोठी दिसत होती, हे खरं होतं. आणि पोट ताणून चकाकत होतं, त्यावर निळ्या शिरा उठल्या होत्या. ड्यूटीवरच्या सिस्टरनं निळा डबा उघडला. पाच डब्या घट्ट. सहावी मध्ये गोळा, कडेला पाणी. "वापरता येईल," सिस्टर म्हणाली. पण डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि सांगितलं, आतडं फुटलेलं नाही, पण आत्ता काहीच द्यायचं नाही. दुपारी पोट मऊ वाटलं तर एक मिली. फक्त एक. तीन तासांनी नळीतून मागं ओढून बघायचं. न पचलेलं परत आलं तर पुन्हा सगळं बंद, आणि मग सर्जनला बोलवावं लागेल.

एक मिली. दुपारी तीन वाजता तिनं तो स्वतः दिला. सिरिंज उंच धरली, दाबली नाही, दूध आपल्या वजनानं उतरू दिलं. नळीतून एक पांढरी रेघ सावकाश खाली गेली आणि नाकपुडीपाशी दिसेनाशी झाली. मग तिनं स्टूल ओढून घेतलं. पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालून तिनं एक बोट मुलीच्या तळव्याखाली ठेवलं. चार वाजले. पोट तसंच. कुणाल काचेपलीकडं उभा होता. पाच वाजले. मुलीनं एकदा पाय झाडला, एकदा तोंड वेडंवाकडं केलं, आणि प्रत्येक वेळी आम्रपालीनं तिच्या पोटाकडं, मग घड्याळाकडं बघितलं. शेजारच्या पेटीचं यंत्र वाजत होतं आणि बंद होत होतं. ज्याच्याकडं काही मागावं असं कुणी तिच्या मनात उरलं नव्हतं. फक्त या एका थेंबानं, तो कुठं असेल तिथं, तिथंच राहावं.

सहा वाजता सिस्टर आली. तिनं रिकामी सिरिंज नळीला लावली. "तू बघू नकोस हवं तर," ती हळूच म्हणाली. आम्रपालीनं डोळे मिटले नाहीत. सिस्टरनं दट्ट्या मागं ओढला, अगदी सावकाश. नळीत हवेचा एक लहान बुडबुडा सरकला. तिनं नळी थोडी फिरवली आणि पुन्हा ओढलं. काचेसारखी स्वच्छ नळी. सिरिंजमध्ये काही नव्हतं.

"काहीच परत आलं नाही," सिस्टर म्हणाली.

आम्रपालीनं पोटावर दोन बोटं टेकवून बघितली. मग हात काढून घेतला, उठली, आणि बेसिनपाशी जाऊन पुन्हा कोपरापर्यंत हात धुऊ लागली.

"डॉक्टरांना विचार," ती पाठमोरीच म्हणाली, "आता दोन द्यायचे का."